दारातली माणसं

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवानंतर दर वर्षी एक प्रश्न हमखास उभा राहतो : उरलेल्या मसालेभाताचं करायचं काय? शाळेचा हॉल रात्री दहाला रिकामा करून द्यायचा असतो, मखर कुणाच्याच गाडीत मावत नसतं, पोरं पेंगुळलेली असतात, आणि टेबलावर ॲल्युमिनियमचे दोन भले मोठे ट्रे तसेच. "न्या हो थोडा, डबा भरून देते," असं म्हणत कमिटीतल्या वहिनी सगळ्यांच्या मागे लागतात. तरी एक ट्रे उरतोच. २०१४ च्या सप्टेंबरात तो ट्रे काळ्या पिशवीत रिकामा करायची पाळी आमच्यावर आली, आणि आमचा हात थांबला.

अन्न हे पूर्णब्रह्म वगैरे त्या क्षणी काही आठवलं नाही. आठवली ती एक स्टीलची वाटी. सहाच महिन्यांपूर्वी मुंबईत एक अनोळखी बाई त्या वाटीतली पेज चमच्या-चमच्यानं आमच्या वडिलांना भरवत होती.

ती हकीगत आधी सांगितली पाहिजे.

आमचे अण्णा अमरावती जिल्ह्यातले. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. २०१४ च्या जानेवारीत त्यांच्या घशात गाठ निघाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, आणि धाकटा भाऊ त्यांना घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात आला. रेडिएशन सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. आता राहायचं कुठं? आम्ही इथून फोनवर ऐटीत म्हणालो, "चांगलं हॉटेल घे, पैशांची काळजी करू नकोस." पैशांची काळजी भाऊ करतच नव्हता. त्याला काळजी होती ती रिपोर्टच्या रांगेत आपण चार-चार तास उभे असताना अण्णांजवळ कोण बसणार याची. त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या जानेवारीत डेट्रॉइटला हाडं गोठवणारी थंडी होती, आणि आमच्या कंपनीच्या नव्या वेल्डिंग लाईनचं लॉन्च तोंडावर आलेलं. लॉन्च म्हणजे काय ते इथल्या ऑटो इंडस्ट्रीतल्या वाचकांना सांगायला नको, लग्नघर परवडलं. आम्ही सुट्टी मागितली. "लाईन एकदा चालू होऊ दे, मग खुशाल जा," असं उत्तर मिळालं. खरं सांगायचं तर आम्ही दुसऱ्यांदा मागितली नाही.

मार्चमध्ये लाईन चालू झाली आणि आम्ही मुंबईला उतरलो. भावानं दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवली होती. विमानतळावरून टॅक्सीनं थेट तिथं गेलो. धर्मशाळा म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढं येतं ते घेऊनच जिना चढलो. पाहिलं तर सगळं स्वच्छ. वाळत घातलेले टॉवेल, स्टीलचे डबे, प्रत्येक उशाशी हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी. बंगालातली माणसं, बिहारातली, आपल्याकडची जळगाव-नांदेडची; कुणाच्या गळ्यावर रेडिएशनच्या खुणा, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत, आणि तरी कोपऱ्यात कुणीतरी पत्ते खेळतंय. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. भाऊ रांगेत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, बिहारची असावी, अण्णांना पेज भरवत होती. आम्हाला बॅगेसकट दारात बघून तिनं विचारलं, "बेटा है?" अण्णांनी मान हलवली. तिनं वाटी आमच्या हातात दिली आणि आपल्या नवऱ्याकडे वळली. दुसऱ्याच चमच्याला आम्ही अण्णांच्या सदऱ्यावर पेज सांडली. लाखो रुपयांच्या रोबोटचा हात मिलिमीटरच्या हिशेबात फिरवणारे आम्ही; आम्हाला चमचा धरता येईना.

रात्री आम्ही हॉटेलचा विषय काढला. अण्णांचा आवाज पार बसलेला होता. म्हणाले, "मले इथंच बरं हाय. हॉटेलात बोलू कोनाशी?" आणि मग थांबत थांबत त्यांनी एक आठवण सांगितली, जी आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती. आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांच्या गावात एक म्हातारा आला. अंगात चिंध्या, हातात खराटा. आल्या आल्या त्यानं गल्ली झाडायला सुरुवात केली. पोरांना वाटलं, कुणी नवा झाडूवाला आलाय. संध्याकाळी बघतात तर तोच म्हातारा कीर्तनाला उभा, आणि पंचक्रोशी लोटलेली. अण्णा म्हणाले, "त्याच्याच घरात राह्यतो मी आता. लाज कायची?"

लाज आम्हाला वाटत होती, ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

गाडगेबाबांबद्दल आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, आणि खराटा, गाडगं, स्वच्छता या तीन शब्दांवर ते संपलेलं असतं. आम्हीही त्यातलेच. अण्णांच्या खाटेशी बसून दहा दिवसांत जे नव्यानं कळलं आणि पुढं जे वाचून पडताळलं, ते थोडक्यात असं. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. १९०५ साली, वय एकोणतीस, घर सोडलं. पुढची पन्नास वर्षं पायी महाराष्ट्रभर. दिवसा गाव झाडायचं, रात्री लोकांची डोकी. कीर्तन म्हणजे प्रश्न-उत्तरं, अस्सल वऱ्हाडीत : कर्ज काढून सण करता का, देवापुढं बकरं कापता का, पोराला शाळेत घालता का? पाया पडू द्यायचे नाहीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून उभ्या केल्या त्या धर्मशाळा : पंढरपूरला, नाशिकला, देहूला, आळंदीला. आणि हा माणूस दर वारीला पंढरपुरास जायचा, पण विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायचा नाही. बाहेर वाळवंट झाडत राहायचा.

पंढरपुरात अस्पृश्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. स्वतः निरक्षर. देताना आपल्यासाठी त्यात एक खोलीसुद्धा राखून ठेवली असती तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण ते झाडाखाली झोपणारे. २० डिसेंबर १९५६ ला, आंबेडकरांच्या पाठोपाठ चौदाच दिवसांनी, अमरावतीजवळच्या वलगावला ते गेले.

हे सगळं त्या मसालेभाताच्या ट्रेशी उभं असताना एका क्षणात मनात आलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. आली ती फक्त वाटी. ट्रे घरी आणला, फ्रीजमध्ये कोंबला, सौ.ची बोलणी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटच्या एका अन्नछत्राला फोन लावला.

फोनवरच्या बाईंनी फार प्रेमानं सांगितलं की घरी शिजवलेलं अन्न आम्हाला घेता येत नाही. नियम आहेत. आम्ही आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अन्न आहे आमच्याकडे. हात कमी पडतात. हात पाठवता येतील का?"

मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये आम्ही हा निरोप सांगितला. वाचकहो, मंडळाच्या मीटिंगमध्ये एवढी शांतता आम्ही पूर्वी कधी अनुभवली नव्हती. कुणी म्हणालं, चेक पाठवू या. चेक पाठवणं वाईट नाही, तो आपण पाठवतोच. पण बाईंनी मागितले होते हात. शेवटी तीन घरं तयार झाली, आणि ऑक्टोबरातल्या एका सुट्टीच्या सकाळी एका व्हॅनमध्ये बसून आम्ही डेट्रॉइटच्या पूर्व भागात गेलो.

उपनगरातून डेट्रॉइट शहरात शिरताना आपल्यातले पुष्कळ जण गाडीची दारं लॉक झाली आहेत ना, हे एकदा बघतात. आम्हीही बघायचो. १९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०१० च्या जनगणनेत सात लाख चौदा हजारांच्या आत आली. २०१३ च्या जुलैमध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. मधल्या काळात कारखाने बाहेर गेले, काही बंद पडले, आणि जे राहिले त्यांतली माणसांची कामं यंत्रांकडे गेली. ती यंत्रं बसवायलाच आपल्यापैकी कित्येकांना इथं आणलं गेलं, हे सहसा आपण बोलत नाही.

ज्या अन्नछत्रात आम्ही गेलो ते कपुचिन सूप किचन. कपुचिन हा कॅथॉलिक साधूंचा एक पंथ, संत फ्रान्सिसच्या परंपरेतला. तपकिरी कफनी आणि कमरेला दोरी. (आपण पितो त्या कापुचिनोला नाव मिळालं ते या कफनीच्या रंगावरून.) १९२९ च्या मंदीत मठाच्या दारात भुकेल्या माणसांची रांग लागू लागली, आणि त्या रांगेतून हे अन्नछत्र सुरू झालं. ते अजून चालू आहे. आणि त्या वेळी मठाचं दार उघडायचं काम ज्याच्याकडे होतं, त्या माणसाची गोष्ट ऐकून आम्ही चमकलो.

त्यांचं नाव फादर सोलानस केसी. जन्म १८७० चा, विस्कॉन्सिन राज्यातला. आईवडील आयर्लंडहून आलेले, म्हणजे आपल्यासारखेच परमुलखातले. सोळा भावंडांत सहावा नंबर. तरुणपणी लाकूडतोड्या, तुरुंगाचा पहारेकरी, ट्रामचा ड्रायव्हर असं पडेल ते काम केलं. पुढं धर्मगुरू व्हायला गेले, तर तिथलं शिक्षण जर्मन आणि लॅटिनमधून. ते काही डोक्यात शिरेना. वरिष्ठांनी १९०४ साली त्यांना दीक्षा दिली खरी, पण अर्धीमुर्धी : प्रवचनात धर्मतत्त्वं सांगायची नाहीत, कुणाचा कबुलीजबाब ऐकायचा नाही. मग अशा माणसाला काम काय द्यायचं? दारावर बसवा. डेट्रॉइटच्या सेंट बोनाव्हेंचर मठाचं दार त्यांनी १९२४ पासून १९४५ पर्यंत, एकवीस वर्षं सांभाळलं. येईल त्याचं ऐकून घ्यायचं, वहीत टिपून ठेवायचं, भुकेला असेल तर आत न्यायचं. फिडल वाजवायची हौस होती, आणि मठातल्या बंधूंना ते वाजवणं ऐकवत नसे! १९५७ साली ते गेले. १८ नोव्हेंबर २०१७ ला डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड या फुटबॉलच्या मैदानावर, सुमारे साठ हजार लोकांसमोर, चर्चनं त्यांना संतपदाच्या अलीकडची 'धन्य' ही पदवी दिली. ज्याला प्रवचनाची बंदी होती, त्याच्यासाठी स्टेडियम भरलं.

आम्ही फोनवर अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा आवाज थोडा परत आला होता. ते हसून म्हणाले, "म्हंजे तुमच्याकडचा गाडगेबाबाच की रे!"

बघा ना. एक १८७० चा, एक १८७६ चा. एक १९५७ ला गेला, एक १९५६ ला. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असण्याचं काहीच कारण नाही. एकाला शाळा मिळाली नाही, दुसऱ्याला जमली नाही. आणि दोघांची जागा एकच : दार. गाभारा नव्हे, व्यासपीठ नव्हे, दार. तसं पाहिलं तर आपल्या पंढरपुराची गोष्ट दाराचीच आहे. ज्यांना आत घेतलं नाही त्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. नामदेवांची पायरी तिथंच. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून १ मे १९४७ पासून साने गुरुजी उपाशी राहिले, आणि दहा दिवसांनी ते उघडायचं ठरलं. आत देव आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. दारात माणूस आहे, यावर होऊ शकत नाही.

हा वाद आमच्या व्हॅनमध्ये मात्र जोरात चालायचा. एक मित्र वारकरी घरातला, दुसरा कट्टर नास्तिक. एक म्हणे, हे सगळं ईश्वरसेवा म्हणूनच करायचं. दुसरा म्हणे, देवाचा काय संबंध, ही साधी माणुसकी आहे. दोघंही कांदे एकाच विळीवर, चुकलो, एकाच पाटावर चिरायचे. एकदा नास्तिक मित्रानं हुकमाचं पान टाकलं. १९७७ साली राजदत्तांनी गाडगेबाबांवर 'देवकीनंदन गोपाला' काढला, त्यात बाबा कुणी केले? डॉ. श्रीराम लागूंनी. म्हणजे ज्यांनी पुढं 'देवाला रिटायर करा' असा लेख लिहिला, त्यांनी! वारकरी मित्र क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणून तर ते बाबांना एवढे शोभले. बाबा तरी देवळात कुठं जात होते?" त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला. आम्हाला स्वतःला असं वाटतं की कांदा चिरून होईपर्यंत दोघांचं एकच चाललेलं असतं. फरक पडतो तो हात धुऊन झाल्यावर, बोलायला लागल्यावर.

असो. इथपर्यंत गोष्ट छान चालली आहे. आता आमची फजिती सांगायला हवी.

वाढपाचं काम आम्हाला लगेच जमलं. पंगतीत वाढलेली माणसं आपण. डाव कसा धरायचा, कुणाच्या ताटात काय संपलंय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आपली पोरं तर ट्रे उचलण्यात पटाईत निघाली. पण वाढून झालं की तिथले एक बंधू येऊन म्हणायचे, "आता आपापलं ताट घ्या आणि पाहुण्यांबरोबर बसा." तिथं जेवायला येणाऱ्याला पाहुणाच म्हणतात. आणि नेमकी त्याच वेळी आम्हाला भांडी घासायची आठवण व्हायची. आम्ही शाकाहारी आहोत, घरी जाऊन जेवू, मुलांचा क्लास आहे... कारणं दर महिन्याला नवी. खरं कारण एकच होतं. टेबलाच्या त्या बाजूला आम्ही देणारे होतो, डाव आमच्या हातात होता. या बाजूला बसलं की नुसती माणसं. बोलायचं काय?

चौथ्या की पाचव्या महिन्यात सौ.नं आमच्या हातातला स्पंज काढून घेतला आणि पाव-भाजीचं ताट हातात दिलं. "जा. भांडी मी बघते."

आम्ही बसलो ते एका साठीच्या गृहस्थांसमोर. उंच, खांदे रुंद, उजवा हात टेबलावरून नीट उचलता येत नव्हता. हवेबद्दल बोललो, फुटबॉलबद्दल बोललो. मग त्यांनी सांगितलं की ते एकोणीस वर्षं बॉडी शॉपमध्ये वेल्डर होते. बॉडी शॉप म्हणजे जिथं गाडीचा पत्र्याचा सांगाडा जोडतात तो विभाग. एका गाडीला काही हजार ठिकाणी स्पॉट वेल्ड मारावे लागतात. पूर्वी ते माणूस मारायचा, वरून टांगलेली जड वेल्डिंग गन हातानं ओढून. जगातला पहिला औद्योगिक रोबोट १९६१ साली न्यू जर्सीतल्या एका मोटार कारखान्यात बसला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वेल्डिंगचं जवळजवळ सगळं काम रोबोटकडे गेलं. यांचं त्यातच गेलं. आधी पाळी गेली, मग नोकरी, मग घर. खांदा तेवढा गनेनं दिलेला तसाच राहिला.

"आणि तू काय करतोस?" त्यांनी विचारलं.

वाचकहो, आम्ही गेली कित्येक वर्षं रोबोटिक वेल्डिंगच्या लाईन डिझाईन करतो. मास्टर्सचा प्रबंध त्याच विषयावर. आम्ही म्हणालो, "कॉम्प्युटरचं काम."

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. पण घरी येताना व्हॅनमध्ये त्या दिवशी देव आहे की नाही हा वाद झाला तरी आम्ही त्यात पडलो नाही.

रविवारी अण्णांना फोन केला की नातवंडं काय खातात इथपासून सगळं सांगायची पद्धत. ही गोष्टही सांगितली. जरा हसत हसतच, म्हणजे बघा कसा योगायोग, अशा सुरात. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "मंग तू त्याले खरं काऊन नाही सांगतलं?" आम्ही म्हणालो, त्यांना वाईट वाटलं असतं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. आम्हाला वाटलं लाईन कटली. मग म्हणाले, "त्याले, का तुले?"

मास्तर तो मास्तर.

पुढच्या महिन्यात आम्ही आपणहून ताट घेऊन त्याच टेबलाशी गेलो. सांगून टाकलं. तुमचं काम ज्यांनी यंत्राला दिलं, त्यांच्यापैकी आम्ही एक. तुमचाच कारखाना नव्हे, पण तसलेच. ते काही वेळ सूप ढवळत बसले. रागावतील, उठून जातील, असं वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मागच्या चाकाच्या कमानीपाशी तुझा रोबोट अडतो का?"

आम्ही थक्क झालो. अडतो. सगळ्यात जास्त अलार्म आमच्या लाईनवर तिथंच येतात.

"अडणारच," ते म्हणाले. "माझा खांदा तिथंच गेला. तुम्ही लोक गनेचा कोन बदलत बसता. कोनाचा दोष नसतो. दोन पत्रे तिथं नीट बसलेलेच नसतात. मी डाव्या हातानं दाबून धरायचो."

अर्धा तास आम्ही चाकाच्या कमानीवर बोललो. त्यांनी पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं. सोमवारी जाऊन बघितलं तर खरोखरच क्लॅम्पची जागा चुकलेली होती. पत्रा दाबून धरणारा हात आमच्या डिझाईनमध्ये नव्हताच. तो डावा हात कुणी मोजलाच नव्हता, कारण तो कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हता. एकोणीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला घरी पाठवताना, तुला काय माहीत आहे, एवढंही त्याला कुणी विचारलं नव्हतं.

या गोष्टीचा शेवट गोड करण्याचा मोह होतो. त्या गृहस्थांना परत नोकरी लागली, आम्ही मिळवून दिली, असं काही झालेलं नाही. आमच्या हातात ते नव्हतं, आणि जेवढं होतं तेवढंही आम्ही धीटपणे केलं असं म्हणवत नाही. वर्षभर ते भेटत राहिले, मग एके महिन्यात आले नाहीत. पुढंही नाहीत. त्यांचं पहिलं नाव माहीत होतं, आडनाव कधी विचारलं नव्हतं. धर्मशाळेतल्या त्या बाईंचं तर तेवढंही विचारलं नाही. अण्णा आणखी तीन वर्षं राहिले. २०१७ च्या पावसाळ्यात गेले. या वेळी आम्ही सुट्टी विचारली नाही, कळवली. आणि शेवटचे पंधरा दिवस चमचा आमच्या हातात होता. तोपर्यंत धरायला शिकलो होतो.

आमच्यात बदल झाला तो एवढाच. नव्या लाईनचं डिझाईन हातात घेण्यापूर्वी जुन्या लाईनवरच्या माणसांबरोबर दोन दिवस उभं राहायचं, असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर, खर्चाच्या आकड्यांखाली, एक ओळ लिहितो : इथं आज किती माणसं काम करतात, आणि नंतर ती कुठं जातील. कधी त्या ओळीमुळे चार जणांना नव्या लाईनचं ट्रेनिंग मिळतं. कधी वरचे साहेब ती ओळ खोडून कागद परत पाठवतात. आम्ही पुढच्या वेळी पुन्हा लिहितो. यात थोर काही नाही. पण आमच्या टेबलालाही एक दार आहे आणि त्याबाहेर माणसं उभी आहेत, हे इतकी वर्षं आम्हाला दिसलंच नव्हतं. आणि आम्ही मात्र दर गुरुवारी उपास करत होतो, बेसमेंटमध्ये सत्यनारायण घालत होतो. ते चुकीचं होतं असं नाही. दोन्हींची कधी गाठच पडली नव्हती.

अध्यात्म म्हटलं की आपल्याला निवृत्तीनंतरचं काहीतरी वाटतं, आणि मानवता म्हटलं की भाषणातलं. बाबांनी दोन्हींना एकच खराटा लावला. तो खराटा इथं आणायचा तर तो चेकबुकात बसत नाही, एवढं आम्हाला उमगलं आहे. त्याला सकाळ लागते, हात लागतात, आणि भांडी घासायचं निमित्त न काढता समोरच्या खुर्चीवर बसावं लागतं.

आमच्या मंडळात आता मसालेभात माणसं मोजून करतात. कमिटीनं त्याचं तक्तासुद्धा बनवलं आहे. तरी एक ट्रे उरतोच. तो घेऊन आम्ही कुठं जात नाही. आपापल्या डब्यांतून संपवतो. पण महिन्यातून एकदा व्हॅन मात्र निघते. तीन घरांची आता सात झाली आहेत, आणि मुलं मोठी होऊन कॉलेजला गेल्यामुळे मागच्या दोन जागा सध्या रिकाम्या आहेत. सकाळी साडेसातला निघतो. कांदे चिरता येत असतील तर उत्तम. येत नसतील तरी चालेल. बसता आलं पाहिजे.